टिपणीस सरांची मीटिंग

पन्हं सांडलं तेव्हा प्रशील टिपणीस सरांना समजावून सांगत होता की चूक त्याची नव्हती, आणि टिपणीस सर तर मुळात नव्हतेच. रजेवर होते किंवा रेंजमध्ये नव्हते अशा अर्थानं नव्हे. ते जन्मालाच आलेले नव्हते. पण नसलेल्या माणसाला पटवून देताना हात जरा जास्तच हलवावे लागतात. त्यातला डावा हात 'आता तुम्हीच सांगा सर' असं म्हणत जो बाहेरच्या अंगाला गेला, तो स्टीलच्या ग्लासावर. ग्लास आडवा झाला. गूळ, कैरी, वेलची, जिऱ्याची पूड असा सगळा ऐवज कीबोर्डवर पसरला, क्षणभर अक्षरांवर नुसता थरथरत उभा राहिला आणि मग निवांत आत उतरला. कुठेतरी पोटात टिक् असं झालं. लॅपटॉपच्या की आपल्या, हे प्रशीलला नीट कळलं नाही. पडदा काळा झाला, आणि त्या काळ्यात सात आठवड्यांत पहिल्यांदा त्याला स्वतःचं तोंड स्वच्छ दिसलं. वर इस्त्रीचा निळा शर्ट, कानात इअरफोन, तोंड 'सर' म्हणण्याच्या बेतात अर्धवट उघडं. खाली हाफ पँट होती, पण ती पडद्यात येत नव्हती.

ग्लास पडल्याचा आवाज ऐकून आई, कलाबाई, धावत आली. मीटिंगच्या वेळी त्या खोलीत शिरताना ती बांगड्या कोपरापर्यंत सारून घ्यायची, म्हणजे वाजायला नकोत. ग्लासही तिनं पाच मिनिटांपूर्वी तसाच, श्वास धरून, टेबलावर टेकवला होता. आता तिनं ते दृश्य पाहिलं आणि तोंडावर हात मारला. "मीच मेलीनं डाव्या अंगाला ठेवला रे! मनाच हातथीन व्हयनं!" एरवी ती प्रशीलशी जळगावच्या रीतीनं बोलायची, फार लागलं, फार हसू आलं किंवा कोणी गेलं तरच तिची सोनगीरची माहेरची बोली बाहेर यायची. प्रशीलनं तोंड उघडलं. 'अगं माझाच हात लागला' हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं, अगदी गरम. पण बाहेर आलं ते वेगळंच. "हळू बोल, सर लाईनवर आहेत."

तिथून पुढे जे झालं ते याच एका वाक्यामुळे झालं. आई पदरानं कीबोर्ड टिपू लागली, आणि ओठ न हलवता पुटपुटत राहिली, माझ्या हातून झालं, माझ्या हातून झालं. प्रशील तिच्याकडे बघत "ओके सर, थँक यू सर" म्हणाला आणि नसलेला फोन ठेवला.

खरं सांगायचं तर त्या लॅपटॉपमध्ये बिघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अकरा मार्चला पुण्याच्या कंपनीतल्या डिंपल मॅडमनी चार मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर त्याला सांगितलं होतं की उद्यापासून तू नाहीस. प्रशीलचं काम माफी मागायचं होतं. लोक तक्रार पाठवायचे, माल फुटका आला, रंग दुसराच आला, आलाच नाही, आणि प्रशील प्रत्येकाला लिहायचा की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. दिवसाला एकशेवीस वेळा मनःपूर्वक. पिंप्राळ्यातल्या दोन खोल्यांच्या घरातून तो दीड वर्ष अख्ख्या देशाची माफी मागत होता. मग कंपनीनं एक मशीन आणलं. ते दिवसाला लाखभर वेळा दिलगीर व्हायचं, आणि त्याला दिवाळीची सुट्टी लागायची नाही. डिंपल मॅडम म्हणाल्या, "वी आर रिअली सॉरी, प्रशील," आणि दीड वर्षाच्या सवयीनं त्याला प्रश्न पडला की हे कुठल्या तक्रारीचं उत्तर आहे. त्याच संध्याकाळी लॅपटॉपवर कंपनीचं कुलूप पडलं. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ राहिली: हे यंत्र संस्थेनं बंद केलं आहे, संबंधितांशी संपर्क साधा. माणूस येऊन घेऊन जाईल, असं सांगितलं होतं. माणूस काही आला नाही. कंपनीनं दिलेलं सिमही चालूच राहिलं. प्रशीलला काढायचं तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं, बाकी सगळं ते विसरले. तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला तो त्या एका ओळीसमोर बसायचा आणि साडेसहाला उठायचा. मध्ये पाऊण तास जेवायला. ओळ कधी बदलली नाही. काही दिवस त्याला वाटायचं की बदलेल. नंतर भीती वाटायला लागली की बदलेल.

टिपणीस सर जन्मले ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. खोलीतून आवाज येत नाही म्हणून आईनं जेवताना सहज विचारलं, "आजकाल तुझी मीटिंग नाही होत का रे?" दुपारी प्रशील पहिल्यांदा त्या बंद पडद्याशी बोलला. संध्याकाळी आईनं विचारलं, कोण होतं. आणि त्याच्या तोंडून 'टिपणीस सर' आलं. कुठून आलं देव जाणे. या नावाचा एकही माणूस त्याला माहीत नव्हता. बहुधा म्हणूनच ते सोयीचं वाटलं. मग सर वाढत गेले. सर कडक होते पण मनानं चांगले. सरांचा गुडघा दुखायचा. सरांची बायको नागपूरला असायची, बदलीमुळे. एक दिवस प्रशीलला सर्दी झाली तर सरांनी मीटिंग लवकर संपवली, आई म्हणाली, "माणूस भला आहे." तिनं गुडघ्यासाठी ओवा घालून तेल कडवायची रीत सांगितली आणि चार दिवसांनी विचारलं, "फरक पडला का साहेबांना?" प्रशील म्हणाला, थोडा. तिला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी त्यानं सरांचा गुडघा आणखी बरा केला. वडील, भिका, दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवर असायचे आणि तिकडेच क्वार्टरमध्ये राहून रविवारी घरी यायचे. तेही जेवताना विचारायचे, काय म्हणतात टिपणीस. खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याबद्दल विचारावं तसं. घरात चौथं माणूस झालं होतं. त्यातल्या त्यात चमत्कारिक गोष्ट अशी की सर हल्ली स्वतःहून बोलायला लागले होते. म्हणजे प्रशील गप्प बसून त्यांचं ऐकायचा, मान हलवायचा, आणि ते जे बोलायचे त्यावर त्याला खरोखरच उत्तर सुचायचं नाही. पन्हं सांडलं त्या दिवशी सर विचारत होते, "असं किती दिवस चालायचं, प्रशील?" आणि त्यावरच तो हात हलवत होता.

आईनं लॅपटॉप उचलला, वाकडा केला. फटीतून पन्ह्याची तार लागली. "वाळवायला पाहिजे," ती म्हणाली, आणि प्रशील काही बोलायच्या आत जिना चढून गच्चीवर गेली. गच्चीवर त्या दिवशी बिबडे होते. ज्वारी तीन दिवस भिजवून, दळून, तीळ-लसूण घालून पहाटे घाटा शिजवला होता, आणि जुन्या साड्यांवर थापलेल्या बिबड्यांच्या सात रांगा ऊन खात पडल्या होत्या. चौथ्या आणि पाचव्या रांगेच्या मध्ये आईनं लॅपटॉप उघडा करून पालथा घातला, तंबूसारखा. तिच्या दृष्टीनं यात चुकीचं काही नव्हतं. ओलं झालेलं जे जे काही या घरात आजवर आलं, डाळ, गादी, दहावीची गुणपत्रिका, ते सगळं याच गच्चीवर सुकलं होतं. प्रशीलनं 'उन्हात नको' म्हणायला हवं होतं. त्याला कळत होतं. पंचेचाळीस अंशांवर माणूस टिकत नाही तिथे यंत्र काय टिकणार. तो म्हणाला नाही. उन्हात लॅपटॉप जळून जावा असं त्याला वाटत होतं, आणि आपल्याला असं वाटतंय याचा त्याला धक्का बसला. मेलेला लॅपटॉप म्हणजे कामाला खाडा, खाडा म्हणजे काही दिवस सर नाहीत, काही दिवस निळा शर्ट नाही. आणि तो खाडा आईच्या नावावर.

शेजारच्या गच्चीवरून नूतनवहिनी डोकावली. "मावशी, हे कोणतं पीठ वो?"

"कंपनीचं आहे बाई," आई म्हणाली. "माझ्या हातून सांडलं त्याच्यावर."

"मग उलथा ना आता. एका बाजूनं कडक होऊन जाईल."

आईनं खरंच उलथला. तासाभरात गुळाच्या वासानं मुंग्या आल्या, एका रांगेत, शिस्तीत. त्यांचा मात्र कामाला खाडा नव्हता. आईनं लॅपटॉपभोवती हळदीची जाड रेघ ओढली. दुपारी नूतनवहिनी परत डोकावली, ते हळदीचं रिंगण पाहिलं आणि लांबूनच हात जोडून खाली गेली. संध्याकाळी बिबडे कडकडीत वाळले होते. लॅपटॉपची खालची लांब कळ दोन्ही टोकांनी वर वळली होती, बिबडा वळतो तशी. तो चालू झाला नाही. प्रशीलला सुटल्यासारखं वाटलं, पण आईकडे बघायचं त्यानं टाळलं.

आईनं चहा सोडला. ही छोटी गोष्ट नव्हे. कलाबाईला दिवसातून सहा चहा लागायचे. डॉक्टरांनी साखर सोडायला सांगितली तेव्हा तिनं डॉक्टर सोडले होते. आता ती सकाळी प्रशीलच्या पुढ्यात कप ठेवायची आणि स्वतः पाणी प्यायची. "साहेबांनी माफ केल्यावर पिईन," ती म्हणाली. प्रशील तिच्या समोर बसून चहा प्यायचा आणि तो घोट खाली उतरताना त्याला छातीत प्रत्येक बरगडी मोजता यायची. 'माझा हात लागला.' चार शब्दसुद्धा नव्हते. दीड वर्ष त्यानं रोज एकशेवीस वेळा याहून मोठी वाक्यं लिहिली होती, अनोळखी माणसांना, न केलेल्या चुकांबद्दल. फुटलेल्या बरण्यांबद्दल, उसवलेल्या कुर्त्यांबद्दल. ती किती सहज निघायची. पण हे एक वाक्य एकटं निघायला तयार नव्हतं. त्याच्यामागे दोरीला बांधल्यासारखं दुसरं येत होतं, की मग मीटिंग कसली चालली होती. आणि त्याच्यामागे तिसरं, की सर कोण. आणि शेवटी अकरा मार्च. एक ओढलं की सगळं चऱ्हाट बाहेर येणार. म्हणून तो म्हणायचा, "अगं, घे गं चहा, सर काही बोलणार नाहीत." आणि आई म्हणायची, "तू तुझ्या बाजूनं बोलशील रे. चूक माझी आहे, मला बोलू दे."

तिसऱ्या दिवशी धुळ्याहून मामाचा फोन आला. उखर्डूमामा बाजार समितीत तोलाईला होता आणि जगातल्या प्रत्येक कामाला त्याच्या ओळखीचा एक माणूस असायचा. "अक्का, तू रडू नको," तो फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत होता की फोन नसता तरी जळगावला ऐकू आलं असतं. "इकडे धुयाले लई ये. मना वळखीना पोऱ्या शे, मरेल मशीन बी उठाडस." मेलेलं यंत्रही उठवतो. जळगावात रिपेअरवाले नाहीत का, असं प्रशील म्हणून बघत होता. आईनं तोवर पिशवी भरायला घेतली होती. एका पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप, दुसरीत पन्नास बिबडे, वर्तमानपत्रात बांधलेले. "हे कोणाला?" "टिपणीस साहेबांना. धुळ्याहून कुरिअर करू. पत्ता आहे ना तुझ्याकडे?" प्रशील म्हणाला, आहे.

एसटी एरंडोल सोडून पारोळ्याकडे निघाली तशी खिडकीतून वाफ आत यायला लागली. प्रशीलनं पांढरा रुमाल तोंडाला गुंडाळला. शेजारी आई मांडीवर लॅपटॉप धरून बसली होती, दवाखान्यात न्यायचं मूल धरावं तसा, आणि गाडीच्या खडखडाटात ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. त्यानं कान दिला. "नमस्कार साहेब. मी प्रशीलची आई. साहेब, पोराचा काही दोष नाही..." इथे ती अडायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. त्याला आठवलं, सातवीत त्यानं शाळेतला पृथ्वीचा गोल पाडला होता. आफ्रिकेच्या बाजूनं चेपला. त्यानं सांगितलं, आधीच चेपलेला होता. मुख्याध्यापकांनी घरून माणूस बोलावलं. आई कामावरून सुटून तशीच आली, आणि ऑफिसच्या दाराबाहेर तिनं चपला काढल्या. तिथे कोणीच चपला काढत नव्हतं. व्हरांड्यात उभं राहून तो त्या चपलांकडे बघत होता. डाव्या चपलेच्या अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली होती. आतून तिचा आवाज येत होता, माझं पोर खोटं बोलत नाही साहेब, पण झालं असेल तर मी माफी मागते. दोन्ही गोष्टी एकदम. बाहेर आल्यावर तिनं विचारलं नाही की खरं काय. तिनं चपला घातल्या आणि म्हणाली, चल. त्या 'चल'वर तो आजवर चालत आला होता. आत्ता त्याला वाटलं की कंडक्टरला सांगून मध्येच उतरावं, पारोळ्याच्या स्टँडवर, आणि उरलेलं आयुष्य तिथे पाण्याच्या बाटल्या विकाव्यात. मग वाटलं, दुरुस्तीवाला काय करेल? उठवला तर? मेला तर आई अपराधी राहील, आणि उठला तर आपण पकडले जाऊ. अशा गोष्टीची प्रार्थना तरी कशी करायची. पारोळा आला. तो उतरला नाही. आईनं डबा उघडून त्याच्या हातात भाकरी दिली आणि पुन्हा पहिल्यापासून घोकू लागली.

धुळ्याला आग्रा रोडच्या एका गल्लीत ते दुकान होतं. दाराशेजारी रसवंती, तिचे घुंगरू छमछम वाजत होते. आत हितेंद्र नावाचा तिशीचा माणूस कपाळावर भिंग चढवून बसला होता. उखर्डूमामा आधीच येऊन त्याच्या खुर्चीत बसला होता, आणि हितेंद्र स्टुलावर. "ही मनी बहीण," मामा म्हणाला. "हाऊ भाचा. मोठा साहेब शे, पुण्याले, पण घरमाच ऱ्हास." हितेंद्रनं लॅपटॉप पालथा केला, स्क्रू काढले, पाठ उघडली आणि आत वाकून वास घेतला.

"काय सांडलं होतं?"

"पन्हं," आई म्हणाली. "कैरीचं. माझ्या हातून."

"पाणी परवडतं मावशी. गूळ नाही परवडत." त्यानं चिमट्यानं एक मुंगी काढली, मग दुसरी, मग काहीतरी पांढरं काढून उजेडात धरलं. "आणि हे तीळ?"

"ते वाऱ्यानं गेले असतील."

हितेंद्रनं मामाकडे पाहिलं. मामानं मान डोलावली, जणू धुळ्यात लॅपटॉपमध्ये तीळ निघणं नेहमीचंच. मग त्यानं दात घासायच्या ब्रशनं, कसल्याशा उग्र वासाच्या पाण्यानं, आतलं सगळं अंग घासायला घेतलं. प्रशील उभा राहून बघत होता. त्याला वाटत होतं की हा माणूस माझं पोट उघडून बसलाय आणि आता एकेक काढून टेबलावर ठेवेल, हा गूळ, हे तीळ, हे टिपणीस सर. त्यानं हात पँटला पुसले. आज तो फुल पँटमध्ये होता, हे त्याला उगाचच जाणवलं. पाऊण तासानं हितेंद्रनं बटण दाबलं. पंखा घुरघुरला. पडदा उजळला.

"घ्या. उठला."

"मी काय म्हणलो!" मामानं मांडीवर थाप मारली. आईनं डोळे मिटून हात जोडले. आणि पडद्यावर ती ओळ आली, जशीच्या तशी, पन्हं पिऊनसुद्धा एक अक्षर न हललेली. हितेंद्र भिंग खाली करून वाचू लागला. "पण हा तर लॉक आहे. कंपनीनंच बंद केलाय. तारीख पण दाखवतोय, अकरा मार्च..."

प्रशीलनं हात घालून झाकण मिटलं. जरा जोरातच मिटलं. "ते सिक्युरिटीचं असतं," तो म्हणाला.

"अकरा मार्च म्हणजे काय रे?" आईनं विचारलं.

"व्हर्जन."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. गाडीत उलट बाजूला बसलेल्या माणसाकडे बघावं तेवढंच. "मग साहेबांनाच उघडावा लागेल ना? ते असं म्हणताहेत."

"हो मावशी, त्यांच्याकडूनच उघडणार," हितेंद्र म्हणाला.

"लाव त्यांना फोन. मला बोलायचंय."

"सर आत्ता मीटिंगमध्ये असतील."

"त्यांची मीटिंग तर तुझ्यासोबत असते यावेळी."

मामा हसला. हितेंद्रही हसला. प्रशीलला हसता आलं नाही. तो म्हणाला की त्यांना मेसेज करतो, ते तुझ्या नंबरवर फोन करतील, आणि मी पाण्याची बाटली घेऊन येतो. बाहेर पडताना त्यानं वळून पाहिलं. आईनं पिशवीतून फोन काढून दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता. दाराकडे पाठ. पदर नीट खांद्यावर घेतलेला, फोनमधून साहेबांना ती दिसणार असल्यासारखा.

बाहेर ऊन नुसतं उभं होतं. रसवंतीच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, तो थांबला. पुढे जे केलं ते त्यानं ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. अंगठ्यानं कंपनीचं सिम निवडलं, आईचा नंबर लावला, रुमाल तोंडावर दोन वेढे घट्ट केला, आणि नाकातून बोलायचं असं कुठेतरी ठरून गेलं. सर नाकातून बोलत असणार. इतकं वय, इतकी वर्षं पुण्यात.

"हॅलो. टिपणीस बोलतोय."

पलीकडे श्वास आत ओढल्याचा आवाज आला. "नमस्कार साहेब. मी प्रशीलची आई, कलाबाई. साहेब, पोराचा काही दोष नाही. ते पन्हं माझ्या हातून सांडलं. मीच ग्लास चुकीच्या जागी ठेवला. त्याला कामावरून काढू नका साहेब. आम्ही धुळ्याला आणून दुरुस्त केलाय." सगळं घोकलेलं होतं, आणि ती कुठेही अडली नाही. प्रशीलला एका कानात तिचा आवाज येत होता आणि त्या आवाजामागे घुंगरू वाजत होते. दुसऱ्या कानात तेच घुंगरू उघड्यावर वाजत होते. आता फक्त म्हणायचं होतं, 'काही हरकत नाही बाई, माफ केलं.' ती चहा पिईल. सर सुखानं निवृत्त होतील. हे एवढं सोपं होतं.

"बाई," सर म्हणाले, "पन्हं तुम्ही नाही सांडलं."

"मीच साहेब."

"मी मीटिंगमध्ये होतो ना. मी बघत होतो. त्याचाच हात लागला."

घुंगरू. मग आई म्हणाली, "मला बोलला नाही तो."

"घाबरला असेल."

"घाबरट आहेच. लहानपणापासून." तिनं जरा थांबून विचारलं, "काम कसं करतो साहेब?"

एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. तेवढ्या वेळात फोन ठेवता आला असता. प्रशीलला दिसत होती ती दुकानातली पाठ, आणि पाठीवरून खाली आलेला पदर, आणि त्याला एकदम प्रचंड राग आला, टिपणीस सरांचा. पाच आठवडे हा माणूस सगळं बघत होता आणि एक शब्द बोलला नाही.

"त्याचं काम गेलं बाई," सर म्हणाले. "अकरा मार्चलाच. त्यात त्याची चूक नव्हती. पण त्यानं सांगितलं नाही, ही आहे."

त्यानं फोन कानावरून काढून पाहिला. चालू होता, सेकंद पुढे जात होते. आत तिची पाठ हलली नव्हती. मामा बहुधा काहीतरी विचारत होता; तिनं त्याला नुसता हात वर करून थांबवलं.

"मग तुम्ही रोज मीटिंग कोणाची घेता साहेब?" तिनं विचारलं.

सरांनी नाकातून बोलायचा प्रयत्न केला आणि आवाज मध्येच फुटला. "त्याचीच," ते म्हणाले. "दिवसभर एकटा असतो ना तो."

"हं," आई म्हणाली. तिनं नाक ओढलं. मागे वळून पाहिलं नाही. "साहेब, ऊन फार आहे. तिथे उभे राहू नका. डोकं चढेल. सावलीत या."

प्रशीलनं इकडेतिकडे पाहिलं. रसवंतीच्या ताडपत्रीची एक पट्टी सावली भिंतीला धरून पडली होती, माणूस उभा राहील एवढी. तो दोन पावलं सरकला आणि भिंतीला टेकला. तोंडावरचा रुमाल ओला झाला होता. त्यानं तो गळ्यात ओढला.

"आलात?"

"हो," तो म्हणाला. स्वतःच्या आवाजात.

"मग आता सांगा," आई म्हणाली. "पहिल्यापासून."